समुद्राकाठची विहीर

माझं लग्न ठरवायला वडील साताऱ्याहून आष्ट्याजवळच्या एका गावात गेले, तेव्हा त्यांना चहाच्या आधी विहीर दाखवण्यात आली. घर त्यानंतर, आणि मुलगा सगळ्यात शेवटी. वडील कचेरीतले कारकून, जन्मभर नळाचं पाणी प्यालेले. त्यांनी कठड्यावरून आत डोकावलं आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून "छान आहे" म्हणाले. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना त्यांची कीव आली असावी. "नऊ परस हाय," त्यांनी समजावून सांगितलं. "कवाच तळ दिसला न्हाई."

परस म्हणजे एका पुरुषाची उंची. त्या गावात विहीर परसांत मोजत आणि घराची पतही त्याच मापानं ठरवत. कुणाचा किती एकर ऊस आहे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, किती परस? लग्नाच्या बोलण्यात, सोसायटीच्या पायऱ्यांवर, मयताला जमलेल्या पाहुण्यांत, सगळीकडे मी तो ऐकला आहे. वडील घरी परतल्यावर आईला म्हणाले, माणसं सरळ आहेत, पण विहिरीवर जरा जास्तच बोलतात. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. पुढे जे झालं ते या एका सवयीतून झालं, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्ती. तिकडची रीतच तशी. मामा सैन्यातून सुभेदार होऊन परतले होते आणि गावही त्यांना सुभेदारच म्हणे. ताठ माणूस. रागीट नव्हते, पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं त्यांना जमत नसे. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांनी केरळच्या किनाऱ्यावर काढली होती आणि तिथलं एक दृश्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. गोरी माणसं दिवसभर उन्हात पडून राहतात आणि रात्री झावळ्यांच्या साध्या खोपटात झोपायचं भाडं देतात, हे ते दर दिवाळीला नव्यानं सांगत.

"उन्हात पडायला पैसं देत्यात?" आत्तीही दर दिवाळीला तेच विचारत. "मग आमी जल्मभर रानात फुकटच पडलो म्हनायचं."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. कोकणात रेल्वे येणार, रेल्वेबरोबर पर्यटक येणार, मग किनाऱ्यावरच्या जमिनीला सोन्याचा भाव येणार, असं जो तो बोलत होता. ऊस चांगला गेलेल्या घरांतून इस्लामपूरचा एक एजंट जीप घेऊन फिरायचा. आधी हा माणूस ट्रॅक्टरचे टायर विकत असे. आमच्याकडं आला तो फोटोंचा गठ्ठा घेऊन, आणि त्यानं ते एकेक करून सोप्यातल्या कॉटवर मांडले. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेला माड. एवढ्या सगळ्या फोटोंत एकही माणूस नव्हता. मी ते नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, माणसं जेवायला गेली असतील.

"सुभेदार, मुंबईवाल्याला घ्यायची म्हटली तरी ही जमीन मिळत न्हाई," एजंट सांगत होता. "त्येच्याकडं सातबारा कुटाय? शेतजमीन फकस्त शेतकऱ्याला घेता येती. तुमी आज घ्या, धा वर्सांनी ह्येच मुंबईवाले तुमच्या दारात उभं ऱ्हात्याल."

मामांचा चेहरा मी बघत होते. त्यांनी आधीच घेतली होती. कागद फक्त व्हायचे होते.

"प्यायचं पानी?" आत्तींनी माजघराच्या दारातून विचारलं.

एजंट पहिल्यांदाच अडखळला. मग म्हणाला, "हाय की, मावशी. प्लॉटला लागूनच शेजारच्या बाईची हीर हाय. शहाळ्यावानी पानी. शेजारी हाय म्हंजे तुमच्यात बी लागणारच."

सगळा व्यवहार त्या पाण्यावर उभा होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं. गोडं पाणी लागलं तर खोल्या, पाहुणे, पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्पन्न. नाही लागलं तर खाऱ्या वाऱ्यातली वाळू. मामा तिच्यात फौजेतून मिळालेली सगळी पुंजी घालणार होते आणि वर ओढ्याकाठचा तुकडा विकणार होते. तो तुकडा आत्तींनी, मामा सरहद्दीवर असताना, एकटीनं कसला होता. त्यावर आत्ती भांडल्या नाहीत, नुसत्या आत जाऊन चुलीशी बसल्या. त्या भांडल्या असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती.

संक्रांत झाल्यावर आम्ही जागा बघायला निघालो. पाणी बघायचं तर बायका हव्यात, असं आत्तींनी ठणकावलं, म्हणून मीही. गगनबावड्याचा घाट उतरताना आत्तींना उलट्या झाल्या. खाली उतरल्यावर हवा एकदम चिकट झाली आणि देवगड-मालवणच्या मधल्या त्या वाडीत पोहोचलो तेव्हा ऊन असं होतं की डोळे उघडे ठेववेनात. समुद्र मला आवडला, खोटं कशाला बोलू. पण त्याचा आवाज थांबत नव्हता. आमच्याकडं इंजिन बंद केलं की शिवारात शांत होतं, पोटातून शांत वाटतं. इथं तसा क्षणच येत नव्हता आणि मला सारखं वाटत होतं, कोणीतरी आपल्या पाठीमागं उभं आहे. आत्ती तर वाळूवर उतरल्याच नाहीत. लांबूनच बघून म्हणाल्या, "येवढं पानी, आन् घोटभर कामाचं न्हाई."

शेजारची बाई पन्नाशीची, विधवा. मुलगा मुंबईला कामाला, घरात ती एकटी. जो प्लॉट आम्ही बघायला गेलो होतो तो तिच्या दिराच्या वाटणीचा. दीर मुंबईत बसून विकत होता आणि तिला त्यात काही विचारलेलं नव्हतं. दगडांचा कंबरेएवढा गडगा मध्ये, त्याच्या अलीकडं आमची होणारी जमीन, पलीकडं तिचं कौलारू घर, चार माड आणि विहीर.

"येवा, बसा. लांबसून इलास," ती म्हणाली. जमीन विकली जात होती ती तिच्या सासरची, आणि आम्ही ती घेणारे, पण तिच्या आवाजात त्याचा मागमूस नव्हता. तिनं पायरीशी भरलेली कळशी आणून ठेवली. मामांनी आमच्याकडच्या रीतीनं ती सगळी पायांवर ओतली, धूळ धुतली, आणि मग ओसरीवर टेकले. आम्ही आमच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप नेली होती. तिनं तिथंच ती फोडली आणि आमचाच गूळ आम्हाला वाटीत घालून, तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. पाणी खरंच गोड होतं. इतकं गोड, की मला आणखीच कसंतरी वाटलं. समुद्र हाकेच्या अंतरावर आदळत होता आणि हे पाणी इथं कसं टिकून राहिलं असेल, असं मनात आलं.

मामा विहीर बघायला मागं गेले आणि हसतच परत आले. "आवं, ही हीर हाय का हौद? वाकलं की कळशी बुडतीया." मग त्यांनी तिला विचारलं, "किती परस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "बाव ल्हानशीच असा," ती म्हणाली. त्यांच्याकडं विहिरीला बाव म्हणतात. "पण माका पुरता."

मी तिच्याबरोबर मागं गेले होते तेव्हा तिनं दोन कळश्या भरल्या आणि तिसरी रिकामीच कठड्यावर ठेवून दिली. मी भरायला पुढं झाले, तर तिनं माझ्या हाताला हात लावून थांबवलं. नंतर, एवढंच म्हणाली. मला वाटलं, पाहुणीनं काम करू नये म्हणून.

परतीच्या जीपमध्ये मामा खुशीत होते. ती बाई आणि तिचे दिवंगत नवरोबा, सगळे कोकणे आळशी, असा त्यांचा निष्कर्ष निघाला होता. वरच्या पाण्यावर समाधान मानून बसतात, खाली केवढा साठा असेल याचा पत्ता नाही. "आपला मानूस लागतो हितं," ते म्हणाले. एजंटनं मान डोलावली. त्याला कशालाही मान डोलावता यायची.

कागद झाले. ओढ्याकाठचा तुकडा गेला. आत्ती त्या दिवशी सकाळीच उठून रानात गेल्या आणि दुपारी परत आल्या; कुठं होता विचारलं तर म्हणाल्या, बांधावर शेवग्याच्या शेंगा राहिल्या होत्या, त्या काढल्या. शेंगा काही दिसल्या नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला मामांनी इथूनच विहीर पाडणारी टोळी आणि दगडमाती वर ओढणारी यारी ट्रकमध्ये घालून कोकणात नेली. तिथं माणसं मिळत नव्हती असं नाही, पण त्यांच्या हाताला खोलीची सवय नाही, असं मामांचं म्हणणं. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि खणायला सुरुवात केली. वरचा जांभा फोडला आणि दीड परसावर पाणी लागलं. स्वच्छ, गोडं. पाटीवाल्यांनी ओंजळीनं पिऊन बघितलं आणि सगळे मामांकडं बघून हसले. मी आणि आत्ती तिथंच होतो, टोळीचं जेवणखाण आमच्याकडं होतं. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आपण उगाच घाबरत होतो, झालं एकदाचं, असं मी मनाशी म्हटलं.

नवरा सुट्टी काढून आला होता. तो साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात होता, कमी बोलायचा. तो म्हणाला, "आबा, लागलं पाणी. आता बांधून काढू."

"दीड परस?" मामा म्हणाले. त्यांना खरोखरच समजत नव्हतं हा काय बोलतो आहे ते. "गावात गेल्यावर काय सांगू? सुभेदारानं दीड परस हीर पाडली? अजून तळ लागला न्हाई, थांबायचं कशाला?"

पाण्यात खणता येत नाही. म्हणून डिझेल इंजिन बसवलं आणि पाणी उपसून बाहेर सोडायला लागले. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत इंजिन. पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडायची, वाळूतून चर काढत उताराला लागायची आणि समुद्रात जायची. गोडं पाणी समुद्रात. दुष्काळी भागात दिलेल्या माझ्या आत्याला घागरीसाठी पहाटे रांगेत उभं राहिलेलं मी पाहिलं होतं, त्यामुळे ती धार मला बघवत नव्हती. आत्तींनी तर तिकडं पाठ करूनच भाकऱ्या थापल्या.

शेजारची बाई एकदा गडग्यापाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ ती त्या धारेकडं बघत होती. मग इंजिनाच्या आवाजावरून मामांना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं विचारलं, "इतक्या पाण्याचा काय करतलास?"

तिनं चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मामांना मात्र तो कौतुकाचा प्रश्न वाटला. "काकी, पानी कवा जास्ती होतं व्हय?" ते म्हणाले आणि टोळीकडं वळले. ती अजून थोडा वेळ थांबली आणि घरात गेली.

पाच परस. सुरुंग लावून खडक फोडावा लागला, प्रत्येक बाराला तिच्या घराची कौलं थरथरायची. तळ झाल्यावर इंजिन बंद केलं आणि विहीर भरू दिली. पाणी चढलं, स्थिर झालं, आणि मग मामांना एक गोष्ट दिसली ज्यानं ते हरखून गेले. विहिरीतलं पाणी दिवसात कधी वीतभर वर यायचं, कधी वीतभर खाली जायचं. कोणी उपसत नसताना. "झरा जिता हाय," ते सगळ्यांना बोलावून दाखवत. "श्वास घेतीया बघा हीर." मी वाकून बघितलं तेव्हा पाणी वर येत होतं. आणि बाहेर, सुरूच्या झाडांपलीकडं, भरती चढत होती. दोन्ही एकदम. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानंही तेच बघितलं होतं. पण त्याचा अर्थ काय, ते आम्हा दोघांनाही उमगलं नाही. नदीकाठच्या माणसाला पाणी वर आलं की बरंच वाटतं.

गावी मामांचा रुबाब वाढला. समुद्राकाठी पाच परस, गोडं पाणी, असं पारावर बोललं जाऊ लागलं. दोन-चार जणांनी एजंटशी बोलणी सुरू केली. पुढच्या पावसाळ्यानंतर मामांनी तिथं जांभ्याच्या दोन खोल्या बांधल्या, अंगणात माडाची रोपं लावली, आणि उसाला देतात तसं त्यांना पाटानं पाणी दिलं. इंजिन लावायचं आणि सगळं अंगण डबडबेपर्यंत सोडायचं. पहिल्या हिवाळ्यात पुण्याची माणसं आली, बादल्याच्या बादल्या ओतून अंगावरचं खारं पाणी धुवायची, मामांच्या हातच्या मटणाची तारीफ करायची. मामा तिथंच राहायला लागले. गावी येत तेव्हा काळेभोर झालेले असत आणि आनंदात असत. आत्ती तेवढ्या दिवसांत नीट जेवत. एरवी त्या वाडीतून एसटीडीवरून फोन आला, की त्या हातातलं काम ठेवून उभ्या राहत आणि बोलणं संपेपर्यंत बसत नसत.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही सगळे तिकडं गेलो. पहिल्या सकाळी मी चहा ठेवला आणि दूध घातल्याबरोबर तो फाटला. उष्म्यामुळे दूध नासलं असेल म्हणून मी नवं दूध आणवलं. तेही फाटलं. दुपारी तूरडाळ शिजेना. आत्ती अंघोळीला गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "साबनाला फेसच येईना." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं. मी पेल्यात विहिरीचं पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं.

"इंजिनाचं तेल उतरलं असंल," मामा म्हणाले. त्यांनी इंजिन खोलून पुसलं. दुसऱ्या दिवशी विहीर उपसून काढली. नवं पाणी जास्त खारं आलं. माडाच्या रोपांची पानं टोकापासून करपत चालली होती, आणि पाट वाळला की मातीवर पांढरी रांगोळी उमटायची. पाहुण्यांनी एका रात्रीत खोली सोडली. मामा कठड्याशी उभे राहून खाली बघत असत, जेवायला हाक मारली तर ऐकू येत नसे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता, आणि त्यांना तसं उभं बघून तो राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी ते ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "गोडं पानी खाली गेलंय. अजून दोन परस उतरायला पायजे."

नवरा पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडला. आत्तींनी ओरडा केला नाही. त्या म्हणाल्या, "आता काय इकायचं? घरची हीर?" मामांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांनी तोही विचार करून ठेवला होता. घरची विहीर म्हणजे तिच्याबरोबरचा मळा, तिच्यावर जगणारा सगळा ऊस, म्हणजे आम्ही सगळे. आणि मला तेव्हा दिवस गेले होते.

"शेजारच्या काकीचं पानी बघू," मामा शेवटी म्हणाले. "तिचं बी खारं झालं असंल, तर सोडतो नाद. पन तिचं गोडं असंल, तर हितं बी गोडं पानी हाय. मग मी खाली उतरनार. मग मला कुनी आडवायचं न्हाई."

शब्द दिला होता. म्हणजे आता सगळं त्या एका तांब्यावर आलं.

सकाळी आम्ही चौघंही गडग्याला वळसा घालून गेलो. ती दारातच होती. वर्षभरात वाळली होती. "येवा, बसा," ती म्हणाली आणि आत जाऊन कळशी घेऊन आली, पायरीशी ठेवली. मामांनी ती नेहमीसारखी उचलली आणि सगळी पायांवर ओतली. घोट्यांवर, टाचांवर, शेवटच्या थेंबापर्यंत. वाहत्या पाण्यानं पायरी ओली झाली. तिनं गूळ आणला, तांब्या आणला. मामांनी तांब्या तोंडाला लावला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडं बघत होतो.

पाणी गोडं होतं. पहिल्या दिवशी होतं तसंच. मामांनी तांब्या रिकामा केला, दुसरा मागितला, तोही संपवला. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला धडकी भरली. "बगा," ते नवऱ्याला म्हणाले. "मी काय म्हनत होतो? उद्याच्या उद्या टोळीला निरोप धाड."

नवरा खाली बघत होता. आत्तींनी पदर तोंडाला लावला. मला तिथं बसवेना. रिकामा तांब्या ठेवून येते, असं म्हणून मी उठले आणि मागच्या दारानं विहिरीकडं गेले.

विहिरीचा दोर नव्हता. तोंडावर सुक्या झावळ्या टाकलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर दगड. झावळ्यांवर पालापाचोळा साठलेला होता, म्हणजे त्या कुणी बऱ्याच दिवसांत उचललेल्या नव्हत्या. चार माडांपैकी दोन माडांचे शेंडे गळून गेले होते. मागच्या भिंतीला टेकून दोन कळश्या, एक पालथी. आणि कपड्याची चुंबळ, डोक्यावर ठेवून ठेवून मधोमध खळगा पडलेली.

ती माझ्या मागून आली होती. मी झावळ्यांकडं बोट केलं.

"खारा झाला," ती म्हणाली. "देवळाकडसून हाडतंय." म्हणजे पाणी ती तिथून आणत होती, तेही आम्ही कुणी उठायच्या आत; तिनं हात केला तिकडं मी बघितलं. देऊळ टेकडीच्या माथ्यावर होतं, तिथं जाणारी वाट खडकांतून वर चढत होती आणि तिच्यावर एकही झाड नव्हतं. येताना आम्ही ते देऊळ जीपमधून पाहिलं होतं आणि केवढं उंच आहे म्हणालो होतो. तिसरी कळशी तिनं तेव्हा 'नंतर' म्हणून का ठेवली होती, ते मला आत्ता कळलं: वरचं गोडं पाणी बेतानं काढलं नाही, तर खालून समुद्र चढतो.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"पावण्यांका खारा पाणी कसा देवचा?" ती म्हणाली. मग ओसरीकडं बघून हळू आवाजात, "तेंका काय सांगा नको, बाय."

माझ्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं, आणि त्या दिवशी ते मी लावणारही नव्हते. "मामा," मी हाक मारली. "जरा मागं या."

ते आले. हसतच आले होते. झावळ्या बघितल्या, दगड बघितले. मग चुंबळ उचलली, बोटांनी तिच्यातला खळगा चाचपला आणि जिथं होती तिथंच ठेवली. भिंतीशी टेकलेल्या दोन्ही कळश्या रिकाम्या होत्या. तिसरी त्यांनीच पायरीशी पायांवर रिकामी केली होती. त्यांनी मान वर करून टेकडीकडं बघितलं आणि मग खाली, स्वतःच्या पायांकडं. पाय अजून ओले होते.

इंजिन बंद होतं, समुद्राचा आवाज तेवढा चालू होता. ती बाई संकोचून गेली होती, आपल्याकडूनच काही चुकल्यासारखी, आणि पदराशी चाळा करत उभी होती. टोळीला निरोप गेला नाही. घरच्या विहिरीचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही.

मामा तिथंच उन्हात उभे राहिले. आत्तींनी त्यांच्या वहाणा आणून पुढं ठेवल्या, पण पाय वाळेपर्यंत त्यांनी त्या घातल्या नाहीत.